गंधकाची बदली

मी बी. कॉम. आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. रसायनशास्त्राशी माझा शेवटचा अधिकृत संबंध दहावीच्या परीक्षेत आला आणि तो दोन्ही पक्षांच्या संमतीने तिथेच संपला. अकरावीत 'पुस्तपालन व लेखाकर्म' हा विषय भेटला, आणि जगात निदान एक तरी गोष्ट दोन्ही बाजूंनी जुळते या समाधानात मी पुढे बँकेत चिकटलो. गेली वीसेक वर्षं कॅश, क्लिअरिंग आणि पासबुक छापण्याचं मशीन या तीन देवतांची मी आळीपाळीने पूजा करतो आहे. अशा माणसाने पेट्रोलियमच्या गाळातल्या गंधकावर लिहावं म्हणजे पोस्टमनने हृदयरोगावर लिहिण्यासारखं झालं. पण माझा असा अनुभव आहे की पोस्टमनला लोकांची हृदयं डॉक्टरांपेक्षा जास्त कळतात. शिवाय गंधक हा मुळात रसायनाचा विषय नसून हिशेबाचा आहे, हे एकदा लक्षात आल्यावर मला गप्प बसवेना.

हे ज्ञान मला सासुरवाडीकडून मिळालं. (सासुरवाडीकडून मिळालेल्या वस्तूंपैकी अजून चालू असलेली ही एकच.) माझा मेहुणा सुहास केमिकल इंजिनियर आहे. गुजरातेतल्या एका रिफायनरीत तो 'कोकर' नावाच्या विभागात काम करतो. आमच्या लग्नात सासऱ्यांनी त्याची ओळख करून देताना "हा कोकरात असतो" असं सांगितलं होतं. माझ्या एका मावशीने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "शिकलेला मुलगा आहे, मग मेंढ्या का पाळतो?"

सुहास दिवाळीला आला की दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे चकल्या संपतात, आणि दुसरी म्हणजे कोकर चालू होतो. एकदा तो सांगत होता, "भाऊजी, कच्चं तेल तापवलं की आधी गॅस निघतो, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल. जे हलकं ते वर. शेवटी तळाला राहतो तो गाळ. काळा, चिकट, गार झाला तर डांबर. आता हा टाकून तर देता येत नाही."

"का?" मी विचारलं.

"कच्च्या तेलाचे पैसे गाळासकट मोजलेले असतात."

हे मला लगेच पटलं. रसायनशास्त्र असं शिकवलं असतं तर मी कदाचित सायन्सला गेलो असतो.

"म्हणून तो गाळ जवळजवळ पाचशे अंशांपर्यंत तापवायचा आणि मोठ्या ड्रममध्ये सोडायचा. ड्रम म्हणजे काय, सात-आठ मजली इमारतच. तिथे गाळाचे मोठे मोठे रेणू मोडतात. हलके तुकडे वाफ होऊन वरून निघून जातात, त्यांचं पुढे पेट्रोल-डिझेल करता येतं. आणि उरलेला कार्बन आत दगडासारखा थिजतो. तो कोक."

"म्हणजे दूध लागलं," माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ताई, अगदी बरोबर! कोक म्हणजे पातेल्याच्या बुडाची खरवड."

"मग त्यात शिकायचं काय? मी रोज करते."

सुहासच्या चार वर्षांच्या पदवीचा असा निकाल लागल्यावर काही वेळ शांतता पसरली. पण खरी गंमत पुढे होती. या पद्धतीला 'डिलेड कोकिंग' म्हणतात. मराठीत सांगायचं तर विलंबित. भट्टीच्या नळ्यांतून गाळ अशा वेगाने पळवायचा की तापेल पूर्ण, पण नळीत खरवड धरणार नाही. जे काही व्हायचं ते पुढच्या ड्रममध्ये होऊ दे. ड्रम नेहमी जोडीने असतात. एक भरत असतो तेव्हा दुसरा गार करून, उघडून, पाण्याच्या प्रचंड दाबाच्या फवाऱ्याने आतला कोक कापून काढत असतात. ही पद्धत अमेरिकेत शिकागोजवळच्या व्हायटिंग गावी १९३० च्या सुमारास सुरू झाली. आपल्या टेबलावर काही होऊ द्यायचं नाही, फाइल फक्त तापवायची आणि चटकन पुढच्या टेबलावर सरकवायची, ही कल्पना अमेरिकनांना इतक्या उशिरा सुचली याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे ती कागदाइतकीच जुनी आहे.

आता गंधक. कच्च्या तेलात गंधक असतोच. कुठे कमी, कुठे जास्त. आसामच्या तेलात कमी, आखाती तेलात बराच जास्त. तेल तापवून वेगवेगळं करायला लागलं की हा गृहस्थ हलक्या मंडळींबरोबर फारसा जात नाही, जड मंडळींत जाऊन बसतो. लग्नाच्या पंगतीत काही माणसं अशी असतात की ती पहिल्या पंगतीला उठत नाहीत आणि शेवटच्या पंगतीपर्यंत हलत नाहीत. त्यामुळे तळाच्या गाळात पोचेपर्यंत गंधकाची टक्केवारी मूळ तेलापेक्षा कितीतरी वाढलेली असते.

आणि गाळाला पाचशे अंशांची आच लागली की या गंधकाचे दोन स्वभाव उघडे पडतात.

पहिला स्वभाव लोंबकळणाऱ्याचा. हा गंधक कार्बनच्या साखळीत नुसता अडकलेला असतो, जोड कच्चा. जरा तापलं की तो कार्बनचा हात सोडतो, दोन हायड्रोजन बरोबर घेतो आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू होऊन पसार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचा. आमच्याकडे रोजंदारीवरची मुलं असतात तशी याची गत. वरून नुसतं "उद्यापासून येऊ नको" असं आलं की निघाला.

दुसरा स्वभाव कड्यात बसलेल्याचा. चार कार्बन आणि एक गंधक अशा पाच जणांनी हातात हात घालून एक कडं केलेलं असतं. त्याला थायोफीन म्हणतात. त्या कड्याला शेजारची आणखी कडी येऊन चिकटलेली असतात. हा गंधक पाचशे अंशांनाही जागचा हलत नाही. ज्यांनी सरकारी बँकेत युनियनचा सेक्रेटरी पाहिला आहे, त्यांना थायोफीन वेगळं समजावून सांगायला नको. बदलीची ऑर्डर निघते, फिरते, जुनी होते. माणूस खुर्चीवरच असतो. कड्यांमधलं त्यातल्या त्यात हलकं कडं तेलाच्या वाफेबरोबर वर निघून जातं. जी कडी फारच जड, ती एकमेकांना चिकटत चिकटत कोक होतात, आणि गंधक आतल्या आत बसल्या जागी भिंतीत चिणला जातो.

"मग शेवटी कोणाकडे किती जातो?" मी विचारलं. माझ्यातला बी. कॉम. जागा झाला होता.

सुहासने ढोबळ आकडे दिले, मी चकलीच्या डब्याखालचा कागद ओढला. धरून चला की शंभर टन गाळ आहे आणि त्यात चार टक्के गंधक आहे. म्हणजे गंधकाची आरंभीची शिल्लक ४ टन. ड्रममधून सगळं बाहेर आल्यावर त्याची वाटणी साधारण अशी होते: वायूबरोबर १.२ टन, नाफ्त्यात ०.२, हलक्या तेलात ०.६, जड तेलात ०.८ आणि कोकात १.२ टन. मी बेरीज केली. बरोबर ४.० आली. वाचकहो, तेरीज पत्रक पहिल्या फटक्यात जुळण्याचा आनंद काय असतो, हे ज्याने मार्चअखेरीस रात्री साडेदहाला तेरा रुपयांचा फरक शोधला आहे त्यालाच कळेल. इथे तर चार टन जुळले होते, आणि तेही सासुरवाडीच्या माणसाबरोबर!

या तेरजेत एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरते. शंभर टन गाळातून कोक निघतो तीसेक टन. त्यात गंधक १.२ टन. म्हणजे टक्केवारी किती? चारच. जाळा, मोडा, तापवा. कोकातला गंधक टक्क्याने गाळाइतकाच राहतो, कधी कधी त्याहून थोडा जास्तच. एवढी उठाठेव करून तेल थोडं सुधारतं. खरवड आहे तिथेच.

"भाऊजी, खरं काम याच्यापुढे आहे," सुहास म्हणाला. वायूतला हायड्रोजन सल्फाइड धुऊन वेगळा काढतात. तेलातल्या हट्टी गंधकालाही हायड्रोजनच्या दाबाखाली आणि उत्प्रेरकाच्या धाकाने बाहेर काढतात. तोही शेवटी हायड्रोजन सल्फाइडच होतो. मग यातला तिसरा हिस्सा जाळायचा. त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि तो उरलेल्या दोन हिश्शांशी भांडून शुद्ध पिवळा गंधक खाली टाकतो. ही युक्ती क्लाउस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली पेटंट केली. दोन वाईट वास समोरासमोर आणले की दोघेही गप्प होतात, हा शोध आमच्या मॅनेजरसाहेबांनी तक्रारदार ग्राहकांच्या बाबतीत स्वतंत्रपणे लावला आहे.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल सुहास एकदम गंभीर होऊन बोलतो. तो ड्युटीवर असताना खिशाला एक छोटं यंत्र लावतो. वायू वाढला की ते ओरडतं. मी म्हटलं, "यंत्र कशाला? वास येतोच की."

"थोडा असला तर येतो. फार झाला की नाकच बधिर होतं, मग वास येत नाही. वास येतोय तोवर माणूस शहाणा असतो. वास अचानक थांबला की वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं."

तेव्हापासून रोज येऊन आरडाओरडा करणारा ग्राहक गप्प झाला की मी त्याचं खातं उघडून बघतो.

या धंद्यात गंधकावर पहिली मोठी पैज कोणी लावली असेल? एका हिशेबनिसाने. जॉन डी. रॉकफेलर २६ सप्टेंबर १८५५ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, क्लीव्हलंड शहरात मदतनीस हिशेबनीस म्हणून कामाला लागला. पुढे अब्जाधीश झाल्यावरही तो वाढदिवसापेक्षा नोकरी लागल्याचा दिवस जास्त थाटात साजरा करी. (आमच्याकडेही नोकरी लागल्याचा दिवस लोक विसरत नाहीत, पण ते पेन्शनसाठी.) १८८५ साली ओहायो राज्यात लिमा गावाजवळ भरपूर तेल सापडलं. पण त्यात गंधक इतका, की दिव्यात घातलं तर घर वासाने भरे आणि काच काळी पडे. सगळे म्हणाले, सोडून द्या. हिशेबनीस म्हणाला, विकत घ्या. भागीदार अडून बसले तेव्हा तीस लाख डॉलर मी स्वतःच्या खिशातून घालतो असं तो म्हणाला, असं सांगतात. आमच्या बँकेत हे कर्जप्रकरण आलं असतं तर पहिल्याच टिपणीत त्याच्यावर लाल शाईने काट बसली असती.

त्या तेलातला गंधक काढायला त्याने हरमन फ्राश नावाचा जर्मनीहून आलेला रसायनशास्त्रज्ञ नेमला. फ्राशने कॉपर ऑक्साइड वापरून तो काढून दाखवला, आणि लिमाच्या त्या नासक्या तेलासाठी रिफायनरी उभी राहिली ती व्हायटिंग गावातच, जिथे पुढे विलंबित कोकिंग सुरू झालं. हा फ्राश मोठा गमतीचा माणूस. तेलातून गंधक हाकलून झाल्यावर १८९४ साली त्याने लुइझियानात जमिनीखाली अतितप्त पाणी सोडून तिथला गंधक वितळवून वर काढला. म्हणजे एका प्रांतात गंधक नावे टाकणारा आणि दुसऱ्या प्रांतात जमा करणारा माणूस एकच! अशा माणसाला आमच्याकडे ऑडिटर कधी सोडत नाहीत.

असं हे सगळं चकलीबरोबर ऐकायला छान होतं. वायू धुता येतो, तेल धुता येतं. पण जे एकदा थिजलं ते धुता येत नाही. कोकातल्या गंधकासाठी कोणतंही सोयीचं स्नान नाही. कोक बाराशे-तेराशे अंशांना भाजतात तेव्हाही बराचसा गंधक आतच राहतो. त्याहून तापवून त्याला हुसकावायला जावं तर कोक आतून भुसभुशीत होतो. कमी गंधकाचा कोक हवा असेल तर गाळच आधी हायड्रोजनने धुऊन घ्यावा लागतो, आणि ते काम महागडं.

म्हणून कोकाच्याही जाती झाल्या. कमी गंधकाच्या चांगल्या घरच्या गाळातून जाळीदार कोक निघतो, खापरासारखा कठीण पण दिसायला अनारशासारखा. तो भाजून ॲल्युमिनियमच्या कारखान्यात विजेचे ठोकळे करायला जातो. आसामच्या कोकाला तिथे मान आहे. त्याहून उच्चकुलीन तो सुतरफेणीसारखा तंतुमय. पोलादाच्या विजेच्या भट्टीतल्या कांड्यांसाठी. आणि जड, गंधकी गाळातून पुष्कळदा निघतात त्या नुसत्या गोळ्या, बुंदीसारख्या. कधी त्यांचे लाडूही वळलेले असतात. या लाडवांना कोणी मानाने बोलवत नाही. ते स्वस्तात जाळायला जातात. बाजारात त्यांचं नाव पेटकोक.

आणि इथे हा विषय सुहासच्या ड्रममधून निघून माझ्या बहिणीच्या घरात आला.

माझी आक्का फरिदाबादला असते. तिचे यजमान श्रीरंगराव तिथल्या एका कापड रंगवण्याच्या छोट्या कारखान्यात हिशेब बघतात. (आमच्या घराण्यात मुली हिशेबाबाहेर देत नाहीत.) २०१७ च्या भाऊबीजेला, २१ ऑक्टोबरला, मी तिच्याकडे गेलो होतो. गाडीतून उतरलो तर आकाश मळलेल्या उशीच्या अभ्य्रासारखं. घरात आक्काची मुलगी चिमी, तेव्हा आठ वर्षांची, ओवाळणीच्या पाटाशेजारी बसून तोंडाला इन्हेलर लावत होती. घरात त्याला 'पंप' म्हणतात. तिने मला तो कसा ओढायचा ते करून दाखवलं, जशी इतर मुलं कविता म्हणून दाखवतात.

जेवताना श्रीरंगरावांकडून कळलं की कारखान्याचा बॉयलर पेटकोकवर चालतो.

"स्वस्त पडतो," ते म्हणाले. "कोळशापेक्षा जास्त ताव देतो, राख जवळजवळ नाही. तो आहे म्हणून आमचा दर टिकतो. दर टिकतो म्हणून ऑर्डर टिकते."

"आणि गंधक?"

"तो बिलात कुठे असतो?"

हे मात्र खरं होतं. त्या वर्षी दिल्लीच्या आसपास तपासलेल्या पेटकोकात गंधक सातेक टक्के निघाला होता. म्हणजे एक टन पेटकोक जाळला की सत्तर किलो गंधक. पण जळताना गंधक नुसता जात नाही. हवेतला स्वतःच्याच वजनाइतका ऑक्सिजन घेऊन जातो. सत्तर किलोचा सल्फर डायऑक्साइड होतो एकशेचाळीस किलो. सावकारी कायद्यातली दामदुप्पट मी फक्त पुस्तकात वाचली होती; निसर्गात ती इतकी चोख वसूल होते हे मला ठाऊक नव्हतं. तो वायू पुढे हवेत सल्फेटचे बारीक कण करतो, आणि ते कण छातीत खोल जाऊन बसतात. चिमीच्या छातीत बसलेला कण कोणत्या चिमणीचा, हे अर्थात कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. दिल्लीच्या हवेत गाड्या असतात, फटाके असतात, शेतातली आग असते, धूळ असते. आरोपी इतके असले की सगळेच जामिनावर सुटतात.

रात्री आक्काने तिची हिशेबाची वही माझ्यापुढे टाकली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च; आमच्या वडिलांनी शिकवलेली पद्धत. डावीकडे पहिली ओळ : 'ह्यांचा पगार'. उजवीकडे तिसरी ओळ : 'चिमीचा पंप'. बाकीच्या ओळी दूध, भाजी, वीज.

"तू बँकेत आहेस ना," आक्का म्हणाली, "या दोन ओळी एकाच धुराच्या आहेत. आता जुळवून दाखव."

आजवर मी लोकांची हजारो खाती जुळवली आहेत. ते पान मी मिटून परत दिलं.

२४ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पेटकोक आणि फर्नेस ऑइल जाळायला बंदी घातली. १ नोव्हेंबरपासून अंमल. दिल्लीत ते आधीपासूनच बंद होतं. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आक्काने चिमीकडे पाहिलं, मग श्रीरंगरावांकडे पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेली. आनंदाची बातमी ऐकून माणसं इतकी गप्प बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

कारखान्याच्या आवारात पेटकोकाचा ढीग पडलेला होता. तो एका बँकेकडे तारण होता. (आमच्या नव्हे, आम्ही ढिगावर विश्वास ठेवत नाही.) ३१ ऑक्टोबरच्या रात्री त्या ढिगाची किंमत होती, १ नोव्हेंबरच्या सकाळी तो नुसताच ढीग होता. वर ताडपत्री घातली गेली. बॉयलर थंड, कामगार गावाला, श्रीरंगराव रोज जाऊन कोऱ्या वहीवर तारीख टाकून येत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आक्काने मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. डावीकडची पहिली ओळ कोरी होती. उजवीकडची तिसरी ओळ तशीच होती, कारण थंडी होती आणि दिल्लीची हवा एका चिमणीवर थोडीच अवलंबून असते?

डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने सिमेंट आणि चुन्याच्या भट्ट्यांना पेटकोकची मुभा दिली, तेव्हा तो ढीग पडत्या भावात एका सिमेंट कारखान्याने उचलला. मी चिडून सुहासला फोन केला. "म्हणजे इथे जाळायचा नाही, तिथे जाळायचा? हा कसला न्याय?"

"भाऊजी, हिशेब बघा," सुहास म्हणाला. "सिमेंटच्या भट्टीत चुनखडी असते. कोक जळून गंधकाचा वायू झाला की चुना त्याला तिथल्या तिथे पकडतो. त्याचं सल्फेट होतं आणि ते सिमेंटमध्ये जातं. बॉयलरमध्ये पकडणारं कोणी नसतं. तिथे चिमणी, आणि मग आभाळ."

२०१८ साली परदेशी पेटकोकच्या आयातीवरही असाच नियम आला : नुसतं इंधन म्हणून आणायचा नाही, सिमेंट, चुनाभट्टी, कॅल्शियम कार्बाइड किंवा कोकाचा वायू करणारे उद्योग यांच्यासाठीच. तोपर्यंत अमेरिकेचा पेटकोक जहाजं भरभरून आपल्याकडे येत होता. त्यांच्याकडेही त्याचं फार कौतुक नव्हतंच. शिकागोच्या आग्नेय भागात नदीकाठी त्याचे काळे डोंगर उभे राहिले तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या गृहिणींनी खिडक्यांवरची धूळ दाखवत आरडाओरडा केला होता. खिडकीवरची धूळ बोटाने पुसून नवऱ्याला दाखवण्याची पद्धत फक्त आपल्याकडेच आहे, असा माझा समज होता.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचं पेट्रोल-डिझेल आलं. दहा लाख भागांत गंधक फार तर दहा. त्याच मापाने दिल्लीजवळच्या त्या पेटकोकात तो सत्तर हजार होता. त्याच वर्षी १ जानेवारीपासून जहाजांच्या तेलातलाही गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आला. पंपावर उभा राहून मी स्कूटरमध्ये स्वच्छ पेट्रोल भरतो तेव्हा मला बरं वाटतं. पण कॉमर्सच्या माणसाला एका बाजूची नोंद दिसली की दुसरी शोधल्याशिवाय चैन पडत नाही. एवढा गंधक काढला, तर तो जमा कुठे झाला?

तर बराचसा जमा होतो त्या पिवळ्या ढिगात. आणि पिवळ्या गंधकाला जगात फार मागणी आहे. त्याचं ॲसिड होतं, ॲसिडाने फॉस्फेटचं खत होतं. नाशिककडचे द्राक्षबागायतदार भुरी पडू नये म्हणून गंधकाची भुकटी मारतात. आणि आपल्या साखर कारखान्यांत तर गंधक मुद्दाम जाळतात! त्याचा तोच सल्फर डायऑक्साइड उसाच्या रसात सोडला की रस निवळतो आणि साखर पांढरी होते. फरिदाबादच्या चिमणीत जो गुन्हेगार, तो आमच्याकडे सहकारी क्षेत्रात कामाला आहे. त्याचा स्वभाव बदललेला नाही, फक्त नेमणूक बदलली आहे. गंधक मरत नाही, निवृत्त होत नाही, राजीनामा देत नाही. त्याची फक्त बदली होते. ती कुठे करायची हे वेळेत ठरवलं नाही, तर तो स्वतःच जागा शोधतो, आणि त्याला लहान मुलांची छाती फार सोयीची वाटते.

२०१८ च्या मार्चमध्ये श्रीरंगरावांच्या कारखान्याने बॉयलर गॅसवर घेतला. दर वाढला, दोन जुनी गिऱ्हाइकं गेली, ओव्हरटाइम बंद झाला. पगार सुरू झाला, तो आधीपेक्षा थोडा कमी. 'चिमीचा पंप' ही ओळ हिवाळ्यात अजून येते. उन्हाळ्यात मात्र बरेच महिने कोरी असते. आक्का ती जागा दुसऱ्या कशासाठी वापरत नाही. तशीच सोडते.

चिमी आता अकरावीत गेली. तिने सायन्स घेतलं, त्यामुळे सुहास खूश आहे आणि श्रीरंगराव थोडे नाराज. परवा तिचा फोन आला. तिच्या बाबांच्या कारखान्यातला गॅस स्वच्छ असतो, त्यात गंधक जवळजवळ नसतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"पण मामा," ती म्हणाली, "नसतो म्हणजे काय? आधी असणारच ना? मग तो काढून ठेवला कुठे?"

मी तिला उत्तर दिलं नाही. सुहासचा नंबर दिला. पण फोन ठेवल्यावर मी श्रीरंगरावांना मुद्दाम कळवलं, की काळजी करू नका, मुलगी सायन्सला गेली असली तरी घराण्याबाहेर गेलेली नाही.